बक्षिसाचे रोप

आमच्या घराण्यात कोणी बक्षीस मिळवल्याची नोंद नाही. दादांना एकदा पोळ्याच्या मिरवणुकीत बैलजोडीसाठी नारळ मिळाला होता. पण तो मान बैलांचा होता, आपला नव्हे, असे ते स्वतःच सांगतात. त्यामुळे गेल्या वर्षी, मी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला असताना, लातूरच्या एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा क्रमांक आला, तेव्हा घरातल्या पहिल्या बक्षिसाचा मान माझ्याकडे आला.

बक्षीस म्हणजे एक प्रमाणपत्र आणि एक कुंडी. हल्ली समारंभात हारतुऱ्यांऐवजी रोप देण्याची पद्धत पडली आहे, ती तुम्हाला ठाऊकच आहे. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत ते हिरवेगार, पिसासारखे झुपकेदार रोप होते आणि कुंडीच्या काठाला इंग्रजी अक्षरांत 'फर्न' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. परतीच्या एस.टी.त मी कुंडी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाले, "ताई, झाडाचं आर्धं तिकीट काढावं लागंल." सगळी गाडी हसली. मीही हसले, पण मनात म्हटले, काढते की! आजच्या दिवशी पुरते तिकीटही काढीन.

शिरूर अनंतपाळच्या जुन्या वस्तीत आमचे घर आहे. पूर्वी ते माळवदाचे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि डोक्यावर मातीचे ओझे घेऊन झोपण्याची हिंमत कितीतरी लोकांची गेली. आमच्या आजोबांचीही गेली. त्यांनी माळवद उतरवले आणि पत्रे टाकले. त्या पत्र्याच्या दोन खोल्यांना एकच खिडकी आहे, पूर्वेकडची. त्या खिडकीत माझी पुस्तके असत. पुस्तके बाजूला सरकवून मी तिथे कुंडी ठेवली. आल्यागेल्याला ती दाखवण्याचे काम मला सांगावे लागत नव्हते.

आता मनीची ओळख करून द्यायला हवी. मनी आमची मांजर. ती आमच्याकडे लाडाने आलेली नाही, कामाला आलेली आहे. मी अकरावीत असताना उंदरांनी पत्र्याच्या पेटीच्या कोपऱ्यातून वाट काढली आणि माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेची एक कड कुरतडली. तुरीच्या पोत्यांना भोके पडली होती, त्याचे कुणाला फारसे वाटले नव्हते. पण गुणपत्रिकेची कड गेली, तेव्हा माय रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या गल्लीतून एक पिल्लू पदराखाली घालून आणले. तीच ही मनी. तेव्हापासून पोती शाबूत आहेत आणि पेटीही.

कुंडी घरात आली त्या संध्याकाळी मायने ती चहूबाजूंनी पाहिली. छान आहे, असे काही ती म्हणाली नाही. तिने विचारले, "मनी खाल्ली तर काय करावं? इचारलीस का कुणाला?"

माझ्या बक्षिसाला मिळालेली ही पहिली दाद! मला राग आला. पण मी शिकलेली मुलगी. रागाऐवजी पुरावा द्यावा, असे ठरवले. मोबाईल काढला आणि 'फर्न मांजरासाठी सुरक्षित आहे का' असा प्रश्न टाकला. उत्तर लगेच आले. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये एक संस्था स्थापन झाली. विषारी आणि बिनविषारी झाडांची यादी ती ठेवते. त्या यादीत बोस्टन फर्न मांजरांना आणि कुत्र्यांना बिनविषारी म्हणून दिलेले आहे. मी ते मायला मोठ्याने वाचून दाखवले, थोडे जास्तच मोठ्याने.

"लिव्हलं आसंल," माय म्हणाली, "पर ह्याच झाडाचं लिव्हलंय का?"

"माय, फर्न म्हणजे फर्न. तुला काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य मी बोलले. या लेखात ते गाळता आले असते, पण मग लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

माय चौथीपर्यंत शिकली आहे. अक्षरे जुळवून वाचते. ती काही बोलली नाही. खिडकीतून कुंडी काढून तिने उंच फळीवर ठेवली. रात्री मी ती पुन्हा खिडकीत आणली. असे आठ-दहा दिवस चालले आणि शेवटी मायने नाद सोडला.

तिने विचारले ते का विचारले, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आमच्यासारख्या घरात जनावराच्या तोंडापुढे काय येते, याकडे सगळ्यांचे लक्ष असते. आज्जी अजून एका बैलाची गोष्ट सांगते. १९७२ च्या दुष्काळातली. पाऊस गेल्याने ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळत चालली होती. बैल दावे तोडून त्यात शिरला, पोटभर खाल्ला आणि बांधापर्यंत यायच्या आधीच कोसळला. कोवळ्या ज्वारीत, पावसाचा ताण बसून खुरटलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर बुडख्याला फुटलेल्या हिरव्या फुटव्यांत एक द्रव्य असते; जनावराच्या पोटात गेल्यावर त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. हे नाव मी पुस्तकात वाचले. आज्जीला नाव माहीत नाही, पण कोणत्या महिन्यात कोणत्या रानात जनावर सोडायचे नाही, हे तिला पक्के माहीत आहे. ज्या ज्वारीची भाकरी आपण खातो, कडबा जनावरे खातात, तीच ज्वारी अवेळी खाल्ली तर जीव घेते. ज्या घराने हे पाहिले आहे, ते घर नव्या झाडाला 'छान आहे' म्हणण्याआधी 'खाल्ले तर?' असेच विचारणार.

मला मात्र त्या प्रश्नात अडाणीपणा दिसला. फर्न हा शब्द माझ्या लेखी शहरातून आलेला होता. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'नेचा' म्हणून त्याचे चित्र होते, खाली नेफ्रोलेपिस असे भारदस्त नाव होते. पानांच्या मागे बीजाणू असतात, हे वाक्य परीक्षेसाठी पाठ केले होते. प्रत्यक्ष नेचा पाहिल्याचे आठवत नव्हते. आपला भाग कोरडा. सह्याद्रीत नेचे ओढ्याकाठी दाटीने वाढतात म्हणे. इथे कुठून दिसणार? मग मी त्याविषयी आणखी वाचले. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात नेचे गोळा करण्याचे असे वेड पसरले होते की, त्या वेडाला स्वतंत्र नावच पडले. अमेरिकेत १८९४ साली फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे गेलेल्या रोपांत एक वेगळे, लवून खाली झुकणारे रोप आढळले, तेच पुढे बोस्टन फर्न म्हणून घरोघर पोचले. ही सगळी माहिती मी मैत्रिणींना ऐटीत सांगत असे. माहिती खरी होती. फक्त माझ्या खिडकीतल्या झाडाशी तिचा काही संबंध नव्हता.

ते आधी मायच्या लक्षात आले. पावसाळा सुरू झाला होता. मी दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला होता. एक दिवस कुंडीला पाणी घालताना तिने हात झटकला. "काटा हाय ह्याला," ती म्हणाली. काही दिवसांनी म्हणाली, "तुझ्या फर्नला फुलं आली." खरेच, बारीक पांढरी फुले आली होती, मंद वासही येत होता. मला आनंदच झाला. मग तिने बोटाने कुंडीतली माती उकरली आणि मुळाशी असलेली पांढरी, पाणीदार गाठ मला दाखवली.

"शतावरीच्या जातीचं हाय हे."

शतावरी आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. रानात काटेरी वेल असते, तिच्या मुळ्यांचा झुपका निघतो. बाळंतिणीला दूध यावे म्हणून ती देतात, दुभत्या जनावरालाही देतात. म्हणजे माझे बक्षीस शेवटी बांधावरची शतावरी! मला ते मान्य होईना. मी म्हटले, "शतावरी अशी नसते." माय म्हणाली, "आशी नसती. पर ह्याच जातीची." एवढे बोलून ती कामाला लागली.

दिवाळीच्या आधी फुलांच्या जागी हिरवे मणी धरले आणि ते हळूहळू लालभडक झाले. खिडकीत ऊन आले की ते चमकत. मी त्यांचा फोटो काढून मैत्रिणींच्या गटात टाकला. सगळ्यांनी कौतुक केले. फर्नला फळ कसे आले, असे कुणीही विचारले नाही. मीही नाही.

तो दिवस वसुबारसेचा होता. संध्याकाळी माय गाईला ओवाळायला शेजारी गेली होती. मनी चुलीमागे बसून ओकत होती. पहिल्या वेळी मला वाटले, उंदीर बाधला असेल. मांजरे गवत खाऊनही ओकतात, त्याचे कुणी मनावर घेत नाही. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा झाले. पिवळा फेस आला. त्या फेसात लाल सालीचे तुकडे होते आणि दोन काळ्या बिया. मी खिडकीकडे पाहिले. खालच्या फांदीवरचे मणी गेले होते.

मनी पाणी पीत नव्हती. पोटाला हात लावला की ओरडत होती. दादा घरी होते. त्यांनी तिचे अंग चाचपले आणि म्हणाले, "अंग तापलंय हिचं. तापीची गोळी हाय ना आपल्याकडं? आर्धी दी पाण्यात कालवून." गोळी होती. प्रत्येक घरात असते तशी, पॅरासिटामॉलची. मी पट्टीतून गोळी काढली, चमच्याने दाबून तिचे दोन तुकडे केले. वाटीत पाणीही घेतले.

तेवढ्यात माय आली. तिने मनीकडे पाहिले, फेसाकडे पाहिले, माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिले. "माणसाची गोळी मांजराला चालती का? इचारलीस का कुणाला?"

तोच प्रश्न. तेच शब्द. या वेळी मी मोबाईल काढला नाही. वाटी खाली ठेवली, मनीला पोत्याच्या तुकड्यात गुंडाळले, टोपलीत घातले आणि दादांच्या मोटारसायकलवर मागे बसून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. सणाची वेळ, दवाखाना बंद झाला होता. डॉक्टरांनी घरीच दार उघडले. त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा: "कसली गोळी-बिळी दिली नाहीत ना?"

"नाही," मी म्हटले. त्या 'नाही'मागे किती थोडे अंतर होते, ते मला आणि दादांनाच माहीत.

डॉक्टरांनी मनीला कातडीखाली सलाइन दिले, उलटी थांबायचे इंजेक्शन दिले. हात चालू असताना ते सांगत होते. मांजराचे यकृत माणसासारखे किंवा कुत्र्यासारखे नसते. मांजर पिढ्यान्‌पिढ्या मांसावर जगलेले. औषधे आणि वनस्पतींतली काही द्रव्ये निकामी करून बाहेर टाकण्याची एक वाट त्याच्या यकृतात फार अरुंद आहे. पॅरासिटामॉल त्याच वाटेने जावे लागते. ते अडकले की त्याचे विष होते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, श्वास लागतो. माणसाच्या अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकते. "झाडाच्या त्या फळांनी उलट्या होतात, पोट दुखतं, जुलाब होतात. बहुतेक वेळा त्यातून मांजर उठतं," ते म्हणाले. "पण लोक मायेनं गोळी देतात आणि मग मांजर उठत नाही."

परत येताना दादा काही बोलले नाहीत. घराजवळ आल्यावर एवढेच म्हणाले, "मला वाटलं, आपल्याला चालती तर..." आणि थांबले. मला त्यांचा राग आला नाही. गोळीचे दोन तुकडे तर मीच केले होते.

मनी दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. तिसऱ्या दिवशी तिने एक उंदीर आणून पेटीपुढे ठेवला.

सुट्टीनंतर मी कुंडी घेऊन कनिष्ठ महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या सरांकडे गेले. आपले कला महाविद्यालय. इथे वनस्पतिशास्त्र नाही, म्हणून त्यांना त्रास दिला. चिठ्ठी वाचून ते हसले. म्हणाले, "नेचाला फूल येतं का?" मी गप्प. "नेचाला फळ येतं का?" तेव्हा पाठ केलेले ते वाक्य माझ्या डोक्यात लख्ख उजाडले. पानांच्या मागे बीजाणू असतात! नेचाला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके असतात, त्यांतल्या बीजाणूंपासून त्याचा वंश वाढतो. मी ते वाक्य लिहून पूर्ण गुण मिळवले होते. पण खिडकीत पांढरी फुले आणि लाल फळे पाच महिने समोर असताना ते वाक्य मला एकदाही आठवले नाही.

सरांनी भिंग दिले. ज्यांना मी पाने समजत होते, ती पाने नव्हतीच; सुईसारख्या बारीक, हिरव्या फांद्याच पानांचे काम करत होत्या. खोडावर काटे होते. मुळांना गाठी होत्या. हे दक्षिण आफ्रिकेतले, शतावरीच्या प्रजातीतले शोभेचे झाड. दिसते नेचासारखे, म्हणून विकणारे त्याला 'अ‍ॅस्परॅगस फर्न' म्हणतात आणि चिठ्ठीवर जागा कमी असली की पुढचा शब्द गळून नुसते 'फर्न' उरते. मग मी ती न्यूयॉर्कच्या संस्थेची यादी पुन्हा उघडली. या वेळी हळूहळू वाचली, माय वाचते तशी. अ‍ॅस्परॅगस फर्न: मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी. सॅपोजेनिन नावाचे द्रव्य. फळे खाल्ल्यास उलट्या, पोटदुखी, जुलाब. पाला वारंवार अंगाला घासल्यास कातडीला खाज. पहिल्या दिवशीही हे तिथेच लिहिलेले होते. मी चुकीच्या नावाखाली वाचले होते.

सरांना मी मायची गोष्ट सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "खरा नेचा पाहायचा असेल तर जुन्या विहिरीत डोकाव. दगडाच्या सांध्यांत, ओल असते तिथे, काळ्या बारीक देठाची कुरळी पाने लोंबतात. हंसराज म्हणतात त्याला." घरी येऊन मायला विचारले, तर ती म्हणाली, "हंसराज? आजोळच्या हिरीत हाय की. तू ल्हान आसताना दावलेली तुला." म्हणजे जो नेचा पाहिल्याचे मला आठवत नव्हते, तो मी पाहिलेला होता. फक्त तेव्हा त्याला फर्न म्हणतात, हे मला कुणी सांगितले नव्हते.

मित्रमैत्रिणींनो, मांजर आणि कुंडी दोन्ही ज्यांच्या घरात आहेत त्यांच्यासाठी, मी नंतर जे वाचले आणि विचारले ते थोडक्यात देते. खरे नेचे, म्हणजे बोस्टन फर्न, हंसराजाच्या जातीचे नेचे आणि बर्ड्स नेस्ट म्हणून मिळणारा रुंद पानांचा नेचा, हे मांजराला विषारी नाहीत. फार पाला खाल्ला तर मांजर ओकेल, पण ते गवत खाऊनही ओकते. मात्र कुंडीत खत किंवा कीटकनाशक घातले असेल, तर झाड निर्दोष असूनही माती निर्दोष राहत नाही. सगळेच नेचे निरुपद्रवी आहेत, असेही नाही. डोंगराळ भागात ब्रॅकन नावाचा एक नेचा आहे, तो चरून गुरे आणि घोडी आजारी पडतात. मनीप्लांटच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी मांजराचे तोंड जळजळते आणि लाळ गळते. कोरफड आपण औषध म्हणून लावतो; मांजराने खाल्ली तर उलट्या होतात. कण्हेर तर माणसालाही विषारी. आणि सर्वांत वाईट लिली. पुष्पगुच्छात येणाऱ्या मोठ्या लिलीचे पान, पाकळी, अंगावर सांडून चाटलेले परागकणसुद्धा मांजराचे मूत्रपिंड निकामी करतात. तिथे वाट पाहण्यात वेळ घालवू नये. उलट 'पीस लिली' म्हणून मिळते ती खरी लिली नव्हे. ती तोंड जाळते, पण मूत्रपिंडाला हात लावत नाही. तसेच 'सागो पाम' हा पाम नव्हे आणि तो यकृत निकामी करतो.

नावांची ही गंमत पाहून मला आपल्या गाजरगवताची आठवण झाली. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम दिसले, परदेशी गव्हाबरोबर आले असे मानतात आणि आज आपल्या प्रत्येक बांधावर ते आहे. पाने गाजरासारखी म्हणून नाव गाजराचे. पण खुरपणाऱ्या बायांच्या हातांना खाज सुटते, ती या गाजराची. त्या नावाला आपल्यापैकी कोणीही फसत नाही, कारण ते गवत आपण उपटतो. फसतो ते चिठ्ठीवरच्या नावाला.

कुंडीचे काय करावे, हा प्रश्न उरला होता. मी म्हटले, फेकून देऊ. मायलाच ते पटले नाही. "बक्षीस हाय. फेकू नको. जिथं मांजर न्हाई तिथं ठिव." घरात दुसरे बक्षीस नव्हते, हे तीही विसरली नव्हती. तेव्हा मी कुंडी आपल्या महाविद्यालयात आणली. ग्रंथालयाच्या व्हरांड्यातल्या उंच कठड्यावर, डाव्या हाताला आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. 'फर्न' ची चिठ्ठी काढून मी पुठ्ठ्यावर नवी चिठ्ठी लिहिली:

"हे फर्न नाही. शतावरीच्या प्रजातीतले शोभेचे झाड. नेचाला फुले-फळे येत नाहीत, याला येतात. लाल फळे कोणी खाऊ नयेत. मांजर असलेल्या घरी नेऊ नये."

वक्तृत्वासाठी मी सात मिनिटांचे भाषण पाठ केले होते. त्यातले आज काही आठवत नाही. ही चिठ्ठी मात्र मी चारदा लिहून फाडली, कारण प्रत्येक शब्द खरा आहे का, हे पाहावे लागत होते.

चिठ्ठीचा फोटो मी मायला दाखवला. तिने मोबाईल हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि अक्षर अक्षर जुळवून सगळी चिठ्ठी वाचली. मी मध्ये सांगायला गेले, तर हाताने थांबवले. वाचून झाल्यावर म्हणाली, "आन् ज्या दिसांत फुलं-फळं नसतील, तवा लोकान्ला कसं कळावं?"

मला उत्तर सुचले नाही.

"काट्याचं लिही. आन् मुळीला गाठी आसत्यात, त्ये बी लिही."

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठीत ती ओळ घातली.